रुमालाआडचा घास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली आणि पुढे ती गावोगाव रुजली. उन्हाळ्याची काहिली ओसरल्यावर चार माणसांनी एकत्र बसावे, काही ऐकावे, घरी जाऊन त्यावर बोलावे, एवढाच तिचा साधा हेतू. आता येथून उठल्यावर आपण सारे पानावर बसणार. अशा वेळी अन्नातील क्रौर्याचा विषय काढणे पाहुण्याला शोभत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तो काढतो आहोत, कारण जेवणाच्या वेळी जे आठवत नाही ते एरवीही सहसा आठवत नाही.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. मांस खावे की न खावे, हा आजचा विषय नव्हे. तो वाद आपल्या देशात हजारो वर्षे चालला आहे, आणि त्याचा निकाल तासाभरात लावण्याचा आव आम्ही आणणार नाही. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. एखाद्या पदार्थासाठी मुक्या जिवाला यातना द्याव्या लागतात, आणि त्याविषयी कोणी विचारले तर "ही आमची परंपरा आहे" असे उत्तर मिळते. या उत्तराने प्रश्न मिटतो काय?

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ लवकर दिसते. म्हणून आपण प्रथम लांबच्या घरी जाऊ आणि मग आपल्या घरी परतू.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात ऑर्टोलान नावाच्या एका चिमुकल्या पाखराची मेजवानी फार प्रतिष्ठेची मानली जाई. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर भारीट पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांच्याच कुळातला हा पक्षी. वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. स्थलांतराच्या दिवसांत त्याला सापळ्यात धरीत आणि अंधाऱ्या पेटीत कोंडीत. अंधारात दिवसरात्रीचे भान सुटलेले ते पाखरू सारखे दाणे टिपीत राही आणि लठ्ठ होई. पुढे त्याला आर्मान्याक नावाच्या मद्यात बुडवून मारीत, भाजीत आणि हाडांसकट अख्खे तोंडात घालीत.

हे खाण्याची एक रीत होती. खाणारा डोक्यावरून मोठा पांढरा रुमाल ओढून घेई आणि त्याच्या आड तो घास चावी. सुवास बाहेर जाऊ नये म्हणून रुमाल, असे कोणी सांगत. हाडे चावताना चेहरा दिसू नये म्हणून, असे कोणी सांगत. परंतु लोकांच्या तोंडी टिकले ते तिसरेच कारण: आपण काय करीत आहोत हे देवाला दिसू नये म्हणून!

१९९९ साली फ्रान्सने या पक्ष्याला संरक्षण दिले. त्यापूर्वी, १९९५ च्या अखेरीस, मरणाच्या दारात असलेले माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी आपल्या शेवटच्या मेजवानीत ऑर्टोलान खाल्ला, ही गोष्ट पुढे छापून आली आणि ती जगभर सांगितली गेली. तिच्या तपशिलाविषयी वाद आहेत, आणि आम्हांला त्या वादात शिरावयाचे नाही. आमच्या मनात राहिला तो रुमाल. ज्याला रुमाल घ्यावासा वाटतो, त्याला आतून काहीतरी ठाऊक असते.

याच देशातला दुसरा पदार्थ म्हणजे फ्वा ग्रा, बदकाचे किंवा हंसाच्या जातीतील पाळीव पक्ष्याचे फुगविलेले यकृत. ही परंपरा फ्रान्सपेक्षाही जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत. पक्ष्याची मान धरून त्याच्या घशात खाद्य कोंबणारी माणसे तेथील भिंतींवर कोरलेली दिसतात. रोमन लोक या पक्ष्यांना अंजिरे चारीत. लॅटिनमधील अंजिराच्या शब्दावरूनच यकृताला फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत आजचे शब्द मिळाले. एखाद्या पदार्थाने शरीराच्या अवयवाचे नावच बदलून टाकावे, याहून परंपरेचा भक्कम पुरावा कोणता हवा?

आता त्याची कृती ऐका. फ्रान्समध्ये यासाठी आज बहुतेक करून संकरित बदके पाळतात. अखेरचे सुमारे बारा दिवस, दिवसातून दोन वेळा, घशातून नळी घालून मक्याचे खाद्य थेट पोटाकडे ढकलतात. यकृत नेहमीच्या सहा ते दहा पट वाढते. या प्रकाराचे समर्थक म्हणतात की स्थलांतरापूर्वी पाणपक्षी निसर्गतःच चरबी साठवितात, आणि त्यांचा घसा माणसाच्या घशासारखा नसतो. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पण रानातला पक्षी पोट भरले की थांबतो, आणि थांबावे केव्हा हे तोच ठरवितो. नळी लावलेल्या पक्ष्याच्या हाती तेवढेही राहत नाही. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने १९९८ साली या पद्धतीचा अभ्यास करून ती पक्ष्यांच्या स्वास्थ्याला घातक असल्याचा निष्कर्ष काढला. आणि फ्रान्सने काय केले? २००६ साली कायद्यातच लिहून ठेविले की फ्वा ग्रा हा देशाच्या सांस्कृतिक आणि पाकपरंपरेचा संरक्षित वारसा आहे.

श्रोतेहो, हाही एक रुमालच झाला. फरक एवढाच की तो एका माणसाच्या डोक्यावर नाही. साऱ्या राष्ट्राच्या डोक्यावर आहे.

परंपरेच्या नावाने जो बचाव केला जातो, त्याची तीन अंगे असतात. पहिले: हे फार जुने आहे. दुसरे: हे आमच्या असण्याचा भाग आहे; हे काढून घेतले तर आम्ही आम्ही राहणार नाही. तिसरे: तुम्ही परके, आमच्या ताटात बोट घालणारे तुम्ही कोण?

यांतले तिसरे अंग सर्वांत बळकट आहे, आणि त्याची टर उडवू नये. कारण दयेचा वापर दुसऱ्याला हिणविण्यासाठी अनेकदा झालेला आहे. अमुक जात, अमुक धर्म, अमुक देश काय खातो यावरून त्याची पायरी ठरविण्याची खोड आपल्या समाजाला फार जुनी आहे. जनावराचा कळवळा पुढे करून माणसाचा अपमान करणारी दया ही दयाच नव्हे. परंतु यावरून एवढेच ठरते की पहिला प्रश्न आपण आपल्याच ताटाला विचारला पाहिजे. प्रश्नच विचारू नये, असे यावरून ठरत नाही.

आणि असे प्रश्न त्या त्या समाजाच्या आतूनच उठलेले आहेत. मध्ययुगातील युरोपात ज्यू लोकांना डुकराची चरबी निषिद्ध. म्हणून ते या पक्ष्यांना लठ्ठ करून त्यांची चरबी स्वयंपाकात वापरीत. अकराव्या शतकातले त्यांचे थोर भाष्यकार राशी यांनी या पक्ष्यांना सोसाव्या लागणाऱ्या यातनांचा उल्लेख करून ठेवला आहे. पुढे इस्राएल देश फ्वा ग्राचा मोठा उत्पादक झाला. पण २००३ साली तेथल्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याविरुद्ध ठरविली आणि थोड्याच वर्षांत ते उत्पादन थांबले. परक्या कोणी येऊन ते बंद केले नाही.

कोरियाची कथाही तशीच. उन्हाळ्याच्या सर्वांत कडक तीन दिवसांत अंगात ताकद राहावी म्हणून कुत्र्याच्या मांसाचे सूप पिण्याची तेथे जुनी चाल. १९८८ साली सोलला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा परदेशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून सरकारने ती दुकाने नजरेआड केली. म्हणजे तेव्हा नुसता रुमाल ओढला. त्याने चाल मोडली नाही. ती मोडू लागली पुढे, जेव्हा कोरियातल्या तरुण पिढीने कुत्रा घरात पाळावयास घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिले. ९ जानेवारी २०२४ रोजी दक्षिण कोरियाच्या संसदेने या मांसासाठी कुत्री पाळणे, मारणे आणि विकणे यांना बंदी करणारा कायदा २०८ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. व्यवसाय करणाऱ्यांना दुसरी वाट शोधता यावी म्हणून अंमल तीन वर्षे पुढे, २०२७ पासून ठेवला. त्यामुळे कोरियन माणूस कोरियन राहिला नाही, असे कोणी म्हणेल काय?

तात्पर्य, परंपरा म्हणजे दगड नव्हे. ती वाहती आहे, आणि तिच्यात काय ठेवावे व काय सोडावे हे ठरविणारी माणसे तिच्यातच जन्माला येतात.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्या परंपरेत अशा माणसांची वाण नाही. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना, हिंसा करून पुण्य किंवा आरोग्य मिळविण्याच्या शास्त्रीय समर्थनांचा खरपूस समाचार घेतला आहे. फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालण्यासारखे हे आहे, असा त्यांचा आशय. ते बाहेरून आलेले टीकाकार नव्हते. ज्या शास्त्रांवर त्यांनी बोट ठेवले ती त्यांच्याच घरची होती. यज्ञातल्या पशूच्या जागी पिठाचा पशू करावा, हा पक्ष आपल्याच धर्मपंडितांत निघाला. नवरात्रात बोकडाच्या ठिकाणी कोहळा कापण्याची चाल कित्येक घरांत रूढ झाली. देवीचा मान राहिला, घरातला सण राहिला, नैवेद्य राहिला. एका जिवाची तडफड तेवढी गेली. आणि १९५६ साली निवर्तलेले गाडगे महाराज तर जत्रेच्या ऐन गर्दीत उभे राहून, हाती खराटा आणि तोंडी रोकडे सवाल घेऊन, नवसाच्या बोकडांविषयी लोकांना विचारीत राहिले. त्यांचे श्रोते अडाणी, कष्टकरी. पण तो प्रश्न त्यांना परका वाटला नाही, कारण विचारणारा त्यांच्यातलाच होता.

कायद्यानेही हाच भेद ओळखला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. अन्नासाठी प्राणी मारणे हा या कायद्याने गुन्हा नाही. मारताना अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. २००१ साली कत्तलखान्यांविषयी केलेल्या नियमांत असे आहे की एका जनावरासमोर दुसरे मारू नये. केवढी साधी गोष्ट! परंतु कायदा झाला तेव्हा पहिल्या अपराधाला फार तर पन्नास रुपये दंड ठरला, आणि पुढे कित्येक दशके तो तसाच राहिला. पन्नास रुपयांत ज्याची यातना फिटते, त्या जिवाची किंमत समाजाने काय केली हे वेगळे सांगावयास नको.

बाजारात सकाळी चक्कर टाकली तर हे सारे उघड्यावर दिसते. सायकलच्या दांड्याला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या दिसतात. नांगे मोडलेले जिवंत खेकडे टोपलीत दिसतात. आपण "वा, ताजे आहेत" म्हणतो. खेकड्याला कसली आली वेदना, असे पूर्वी शिकलेली माणसेही म्हणत. आता ते म्हणणे टिकत नाही. स्वित्झर्लंडने २०१८ पासून, शेवंडाच्या जातीतील मोठ्या लॉबस्टरला भूल दिल्यावाचून जिवंत उकळत्या पाण्यात टाकण्यास मनाई केली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंडे आणि माकूळ यांना संवेदनाशील प्राण्यांत धरले. कोंबडी पिंजऱ्यातून नेल्याने आणि खेकडा प्रथम बर्फात गारठवून मग झटकन मारल्याने कोणाच्या कालवणाची चव बिघडते? यातना आणि चव या जुळ्या बहिणी नव्हेत. आपण त्यांना उगीच एका दाव्याला बांधले आहे.

एवढे ऐकून आमच्यासारखे शाकाहारी श्रोते मनातून सुखावले असतील. "बरे झाले, आपण यातले नव्हे!" त्यांच्यासाठी, आणि मुख्यतः आमच्या स्वतःसाठी, आता खरवसाची गोष्ट सांगावयाची आहे.

आमच्या लहानपणी घरी म्हैस होती. ती व्याली की आम्हां पोरांचे डोळे चिकाच्या चरवीकडे लागत. आजी चरवी पदराआड धरी आणि म्हणे, "आधी त्याचं पोट, मग तुमची वाटी." पारडू लुचून बाजूला झाले, त्याच्या तोंडाचा फेस तिने स्वतःच्या हाताने पुसला, की मगच उरलेल्या चिकात गूळ पडे, वेलदोडा पडे. त्या खरवसाची चव अजून जिभेवर आहे. आजी निरक्षर होती. तिला कोणी सांगितले नव्हते की म्हशीच्या किंवा गाईच्या वासराला रोगाशी झुंजणारी द्रव्ये आईच्या गर्भात जवळजवळ मिळतच नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची ताकद त्याच्या आतड्यांत फार तर पहिला दिवसभर असते. हे शास्त्र आम्ही पुढे पुस्तकांत वाचले. आजीच्या रीतीत ते आधीच होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका मोठ्या शहरात राहत असताना, घरी पाहुणे यावयाचे म्हणून चीक आणण्यासाठी आम्ही शहराच्या कडेच्या एका गोठ्यात गेलो. ओल्या फरशीवर एक दिवसाचे पारडू बांधलेले होते. तोंडाला मुसके. ते उठण्याचा प्रयत्न करी आणि बसे. दोन हातांवर त्याची आई उभी, आणि तिची धार काढणे चालले होते. आम्ही म्हटले, "याला पाजले नाही?" तो गवळी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "रेडा आहे साहेब. त्याच्या पोटात घालू, तर माझ्या पोरांच्या पोटात काय घालू? तुम्ही दर वाढवून देता का?"

आम्ही गप्प राहिलो. पैसे दिले, भांडे उचलले आणि घरी आलो. खरवस उत्तम झाला. पाहुण्यांनी मागून घेतला. आम्हीही खाल्ला. गोठ्यात काय पाहिले ते आम्ही कोणाला सांगितले नाही. त्या संध्याकाळी आमच्याही डोक्यावर रुमाल होता. तो पांढरा नव्हता, कोणाला दिसला नाही, एवढेच.

दुधाच्या धंद्यातल्या यातनांची यादी लांबविता येईल. पारडू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे करणे. पान्हा सुटावा म्हणून इंजेक्शन टोचणे. फुंक्याचा तो ओंगळ प्रकार, ज्याला १९६० च्या कायद्यात नाव घेऊन स्वतंत्र कलमाने बंदी करावी लागली. आपण दुधाला पूर्णान्न म्हणतो, ते देवाच्या अभिषेकाला वापरतो, उपासाला चालवितो. इतक्या पवित्र वस्तूमागे काही अपवित्र असेल, ही शंकाच मनाला शिवत नाही. म्हणून हा रुमाल सर्वांत दाट.

मग उपाय काय? "खरवस सोडा" असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना सोडावासा वाटेल त्यांचा आदर करू. परंतु आजीचे वाक्य आम्हांला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात खरवसही आहे आणि पारडूही आहे. चांगल्या दुभत्या जनावराचा चीक वासराला पुरून उरतो. प्रश्न क्रमाचा आहे: आधी कोण? स्पेनमध्ये एक्स्त्रेमादुरा भागात एका शेतावर पक्ष्यांना नळी न लावता मोकळे चरू देतात. ते ऋतुमानाप्रमाणे आपण होऊन लठ्ठ होतात, आणि वर्षातून एकदाच यकृत मिळते. माल थोडा, किंमत भारी. परंतु पदार्थ राहिला आणि नळी गेली. क्रौर्य बहुधा पदार्थात नसते. ते असते पदार्थ रोज, स्वस्त आणि भरपूर मिळावा या हव्यासात.

आणि येथेच त्या गवळ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल. "दर वाढवून देता का?" दया फुकट मिळत नाही. पारडाच्या वाट्याचा चीक, कोंबडीच्या पिंजऱ्याचे भाडे, कत्तलखान्यातली आडभिंत, यांचा खर्च कोणी तरी सोसला पाहिजे. आजवर तो जनावर सोसत आले. गरीब धंदेवाल्याच्या माथी तो मारून आपण अहिंसेवर व्याख्याने ऐकणे, आणि आम्ही ती देणे, हे ढोंग होईल. आठवड्याला चार वाट्यांऐवजी तीन वाट्या चालतील, पण त्यांचे पुरे पैसे देऊ, असे खाणाऱ्याने म्हणावयास शिकले पाहिजे. आणि विचारले पाहिजे. गोठ्यात जाऊन, खाटकाच्या दुकानात जाऊन, मासळीबाजारात उभे राहून, सौम्यपणे पण स्पष्टपणे विचारले पाहिजे. दहा गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला तर अकराव्याच्या आधी धंद्याची रीत बदलू लागते.

परंपरा आपल्याला दोन्ही देते, रुमालही आणि आजीचे वाक्यही. कोणते पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे, ते आपण ठरवावयाचे. आम्हांला स्वतःपुरते विचाराल, तर त्या गोठ्याकडे आम्ही पुन्हा एकदा गेलो. पारडू अर्थातच नव्हते. गवळ्याला म्हटले, पुढल्या वेळी पाजून जे उरेल ते द्या, दर तुम्ही सांगाल तो. त्याने आमच्याकडे जरा वेळ पाहिले आणि मान हलविली. त्याने ते पाळले की नाही हे पाहावयास दर वेळी पहाटे जावे लागते. आम्ही जातो. तेवढे तरी आमच्याकडे लागतेच.

आता आपल्या घरी पाने वाढून तयार असतील. कोणाचे जेवण कडू करण्याचा आमचा हेतू नव्हता. घास उचलण्यापूर्वी क्षणभर रुमाल बाजूला करून पाहावे, इतकीच विनंती.